मधली पांढरी नाडी

आमच्याकडे अबोला धरायचीही रीत आहे. बोलायचं नाही, पण निरोप थांबवायचा नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरीसाठी अर्ज केल्याचं मी नवऱ्याला नंतर सांगितलं (तो म्हणतो, फार नंतर). तेव्हापासून पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात "तिला सांग, चहा झालाय" आणि "त्याला सांगा, दिसतोय" सुरू झालं. मधे सापडल्या त्याच्या थोरल्या बहीण. अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमळनेरहून आल्या होत्या आणि काळा चष्मा लावून सोफ्यावर आमच्या मधोमध बसायच्या.

"आपरेशन डोयासनं व्हयनं, पन दुखी तोंड ऱ्हायनं," असं म्हणत निरोप पोचवायच्या.

मुलाखतीत मला शिकवून दाखवायचं होतं. विषय होता, स्वतःची काटछाट स्वतःच करणारा आरएनए. नवरा श्रोता म्हणून मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी अक्कांना पकडलं. परकराच्या नाड्या एकीला एक जोडल्या. दोन टोकांना लाल, मधे पांढरी. लाल भाग कामाचे, पांढरा काढून टाकायचा.

"मंग कैची कोन चालावस?" अक्कांनी विचारलं.

"कोणीच नाही. पांढरीच स्वतःला सोडवून घेते."

मी नाडी टेबलावर सरळ ताणली होती, आणि तिथेच फसले. सरळ नाडीला काहीच जमत नाही. मग घड्या घातल्या. पांढरी स्वतःवरच दुमडते, तिचे लांबलांबचे भाग जोड्या जमवतात. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत असतात; मॅग्नेशियम ती ढकलाढकली शांत करतं. घडी बसली की आत एक खोबण तयार होते. ग्वानोसिन नावाचा छोटा रेणू नेमका तिथे बसतो आणि पहिला जोड तोडतो. सुटलेलं लाल टोक भरकटत नाही, कारण घडीने त्याला दुसऱ्या जोडाशेजारीच धरून ठेवलेलं असतं. ते दुसरा जोड तोडतं, दोन्ही लाल जुळतात आणि पांढरी बाहेर पडते.

अक्कांनी मोठ्ठी जांभई दिली. मी मनातल्या मनात त्यांना नापास केलं.

त्या संध्याकाळपासून मात्र अक्कांच्या डोळ्यांत औषध घालायला एक माणूस पुरेना. "एकलाले जमाव नही. दोन्ही जन या." एकानं पापणी धरायची, दुसऱ्यानं थेंब सोडायचा. दुपारी आम्ही घरी नसताना त्या एकट्याच व्यवस्थित थेंब घालायच्या, हे शेजारणीने मला पुढे कधीतरी सांगितलं. आमची डोकी अक्कांच्या तोंडावर जवळजवळ आपटायची, तरी दोघंही गप्प. शेवटी एकदा त्याला राहवलं नाही.

"हात हलतोय तुझा."

"तू पापणी नीट धर."

औषध अक्कांच्या गालावरून वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी भरली. थांबा म्हटलं तर ऐकेनात. "मी आते जास. तुम्हनं तुम्ही देखा." नवरा त्यांना एसटीत बसवून आला.

सवयीने मी रिकाम्या सोफ्याला म्हटलं, "त्याला विचारा, जेवणार का." सोफ्याने काही निरोप पोचवला नाही.

"मला आधी विचारायचं होतंस," तोच म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास."

"नसतो म्हणालो. विचारलं असतंस, तर मला 'जा' म्हणता आलं असतं."

मुलाखतीतल्या सगळ्या प्रश्नांची माझी तयारी होती, याची नव्हती. रडू आलं, ते त्याच्यासमोरच आलं.