बाबांची मॉरिस सोडवायला खुलताबादला

धाकट्या भावाने, अरूने, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि मी पुण्यात त्याच दिवशी बॅग भरली. फोटोत आमच्या बाबांची काळी मॉरिस होती. बॉनेट नाही, पुढची मडगार्डं नाहीत, इंजिन उघडं. खाली मजकूर: 'ताई, हॉट रॉड करतोय!' जुन्या गाडीचं छप्पर कापून खाली आणायचं, मागे थोराड चाकं लावायची, याला अमेरिकेत कला म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशा अवस्थेत कुणाला वर्गाबाहेरही उभं केलं नसतं.

गाडी बाबांनी माझ्या नावावर केली होती, उभी मात्र अरूच्या गोठ्यात असायची. अरू ती विकेल, याची त्यांना खात्री होती. कापेल, हे त्यांनाही सुचलं नाही. मी ठरवलं, टेम्पोत घालून पुण्याला आणायची.

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला एसटीने पाच-सहा तास धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा कंडक्टरच्या चेहऱ्याकडे पाहू नका. नगरला चहा चांगला मिळाला, स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही. मुक्काम बसस्थानकाजवळच्या लॉजवर. चादर बदलून मागा, देतात.

सकाळी टेम्पो ठरवला. भाडं आधीच बोलून घ्या, येताना रिकामा आला तरी पूर्ण द्यावं लागतं. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, हे दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना मान्य नसतं. पाऊण तास तिथेच गेला. तेवढ्यात पेरू घेतले. स्वतः निवडून घ्या, विकणारा वरचे चार दाखवून खालचे भरतो.

अरूचं शेत खुलताबादच्या अलीकडे. गोठ्यात त्याचे मेकॅनिक सलीमउस्ताद वेल्डिंग करत होते आणि शेजारी मॉरिस उभी होती. छप्पर कापून, पुन्हा जोडून झालं होतं! मी उशिरा पोचले होते. नन्सनी आम्हाला आवाज चढवायचा नाही असं शिकवलं होतं. म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"अरे, हे छप्पर आहे की तव्यावरचं झाकण?"

"ताई, लई भारी दिसतंय, व्हय की नाय?"

"बसून दाखव."

अरूने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद हातमोजे काढत म्हणाले, "आपा, वही तो रोना है. साहब को लकडी के पाट पे बिठाके माप लिया. परफेक्ट था. बाद में साहब सीट बनाके लाए."

सीट म्हणजे शहरातल्या गुलमंडी बाजारातून भरून आणलेली कापसाची गादी, लग्नातल्या बैठकीसारखी जाड. वर जरीची किनार. सहा फुटी अरू आत बसला की मान आडवी होऊन कान खांद्याला टेकत होता. उस्ताद तर दारातच अडकत होते. दीड वर्ष खपून या दोघांनी एक गाडी तयार केली होती, ज्यात दोघांपैकी एकही मावत नव्हता.

"आप बैठके देखो," उस्ताद म्हणाले.

मी पाच फुटांना एक इंच कमी. बसले. अंबाड्यावरही दोन बोटं जागा उरली.

बाबांनी या गाडीचं स्टिअरिंग अरूच्या हाती तो मॅट्रिकला असताना दिलं. मला म्हणाले, "मागे बस." पुढे पुण्यात मी तीस वर्षं स्वतःची गाडी चालवली, पण या गाडीत मागेच.

अशी गाडी रस्त्यावर आणली तर आरटीओ सोडणार नाही, म्हणून मी ती शेतातल्या वाटेवर घेतली. इंजिन समोर उघड्यावर गरजत होतं, धूर थेट नाकात, ब्रेक अंदाजे. विहिरीपर्यंत जाऊन वळवली. अरू मागे पळत ओरडत होता, "ताई, हळू! मक्यात घालशील!" मी हळू केली नाही. मका थोडा गेला.

टेम्पोवाला म्हणाला, "बाई, चढवायची का गाडी?"

"तुमचं भाडं घ्या आणि निघा," मी म्हटलं.

घरी येऊन आठवडा झाला. केसांना अजून पेट्रोलचा वास आहे असं सून म्हणते. छपराचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. ती गाडी बाबांची होती आणि ती आता तशी कधीच दिसणार नाही. काल अरूचा फोन आला.

"ताई, गादीतला निम्मा कापूस काढतो. मग मला बी बसता येईल. कागद तुझ्या नावावर हायेत, म्हणून विचारलं."

मी त्याला सांगितलं, मागे बस.