फोटो गेला का?

बदलापुरात, बेलवलीला माझं स्टेशनरीचं दुकान. शाळा सुटली की मास्तर, बाई काउंटरला टेकतात, चहा येतो, आणि माल कमी खपतो, किस्सेच जास्त जमतात. नवा अभ्यासक्रम आल्यापासून तर किस्स्यांना गोडाऊन पुरेना!

आता म्हणे मुलांनी पाठ करायचं नाही, वस्तू हाताळून शिकायचं. ऐकायला झकास! माझ्याकडच्या आइस्क्रीमच्या काड्या बघता बघता संपल्या. उल्हासनगरला होलसेलवाल्याकडे गेलो, तर सिंधी शेठ म्हणतो, "साईं, बदलापूर में कुल्फी का कारखाना डाला क्या?"

म्हटलं, "नहीं शेठ, पहिली का गणित है!"

चामटोलीच्या भोईर बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. एका छोट्या शाळेत पहिलीला शिकवतात. त्यांचा एकच ध्यास. "शेठ, दिवाळीपर्यंत माझ्या पोरांना मोजता आलं पाहिजे. पहिलीत राहिलं ते कायमचं राहतं."

नव्या अभ्यासक्रमाच्या ट्रेनिंगहून आल्या त्या डोकं धरूनच.

"काय शिकवलं, बाई?"

"मुलांना एका जागी बसवून लेक्चर झोडायचं नाही."

"बरोबरच आहे की!"

"हो ना. दिवसभर आम्हाला एका जागी बसवून हेच सांगितलं!"

मग बाईंनी हौसेने रंगीत मणी नेले. पुढच्या खेपेला विचारलं, "रमली का पोरं?"

"मणी कपाटात आहेत. हेडमास्तर म्हणतात, तपासणीआधी खराब झाले तर?"

फक्त फोटोपुरते बाहेर निघायचे. रोज एक फोटो वर ऑफिसला पाठवायचा. मुलांनी मणी गालाशी धरायचे, हसायचं, फोटो झाला की मणी परत कपाटात. मग बाई मोबाईल उंच धरून मैदानात रेंज शोधणार. हेडमास्तरांचा फोन दुकानातसुद्धा यायचा, "बाई, फोटो गेला का?" पोरं मोजायला शिकली का, हे त्यांनी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

एकदा काउंटरवरच बाईंचे डोळे भरले. "दिवाळी आली, शेठ. तीनच्या पुढे पोरांची गाडी जात नाही." मी चहा पुढे सरकवला. दुसरं काय करणार?

आणि मग तपासणीला साहेब आले, तो किस्सा बाईंनीच सांगितला. माणूस चांगला, थेट मुलांमध्ये मांडी घालून बसला. मणी मांडलेलेच होते. पुढच्या मुलीला म्हणाले, "बाळा, या मण्यांनी तुम्ही काय करता? दाखव बघू."

मुलीने एक मणी उचलला, गालाशी धरला, हसली आणि तशीच थांबली. मागे अख्खा वर्ग, मणी गालाशी, हसरा, गप्प!

साहेब वाट बघत राहिले.

शेवटी ती मुलगी हसू न मोडता पुटपुटली, "बाई, काढा ना लवकर, गाल दुखले!"