सरळ माशीची बंदूक

आमचे दाजी कुठलीही गोष्ट नीट पाहायची झाली की डावा डोळा मिटायचे. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पाहायला आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. मुलीच्या घरात बसून पाहुणा डोळा मारतोय म्हटल्यावर आमच्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात दाजी म्हणाले, "मामा, बुद्धाची तसबीर बोटभर डावीकडं झुकलीया." वडील उठले, तसबीर सरळ केली आणि आईला चहा टाकायला सांगितलं. आमच्यात त्यालाच होकार म्हणतात.

दाजी विंझरचे. पलटणीत नाईक होते, नेमबाजीचं पदक मिळवलं होतं आणि पासष्टची लढाई करून पेन्शनीवर घरी आले होते. दारातली चप्पल तिरकी दिसली तरी पायानं सरळ करून मगच आत जायचे. "वाकड्याला वाकडं म्हनायला भ्यायचं कशापाई?" हे त्यांचं नेहमीचं. गावात काहींना त्यांची इस्त्रीची विजार आणि हे बोलणं, दोन्ही खुपायचं.

त्या वर्षी मार्गासनीच्या अंगाला एका गावच्या जत्रेला आम्ही तिघं गेलो. दाजी वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "देवाला न्हाई, जिलबीला आलोय." तिथं गजाबा नावाच्या एकाचा फुगे फोडायचा खेळ लागला होता. फळीवर फुगे, समोर छऱ्यांची बंदूक, नेम लागला की कंगवा नाहीतर आरसा. दाजींनी बंदूक हातात घेतली तशी माणसं गोळा झाली. पलटणीतला माणूस, बघू तरी. पहिला छर्रा हुकला. दुसरा हुकला. सगळे हुकले.

दाजी म्हणाले, "बंदुकीची माशी वाकडी हाय." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक दाणा, ज्यावरून नेम धरतात.

"नाचता येईना अंगण वाकडं," गजाबा म्हणाला. मग गर्दीकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्येंचं मेडल बी सवलतीतलं दिसतंया."

माणसं खदाखदा हसली. आक्कानं पदर पुढं ओढून मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते, आणि अजून डोकं तापतं.

मी बाह्या सारल्या. चार पोरं जमवून त्याची फळी उलथून टाकायची, एवढंच मला सुचत होतं. दाजींनी माझा दंड धरला. "मेव्हणं, त्याचं डोस्कं फोडलं तर तो फिर्यादी आन् म्या आरोपी. डोस्कं न्हाई, फुगंच फोडायचं. त्यानं जत्रंत बोललेलं जत्रंतच माघारी घ्याया पायजे."

महिन्याभरात आम्ही पुण्याला बंदुकांच्या दुकानात उभे होतो. दुकानदारानं काउंटरवर दोन एअर रायफली ठेवल्या. एक देशी, कोरी, चकचकीत दस्त्याची. दुसरी परदेशी, कुणा साहेबानं मागं ठेवलेली, दस्ता ओरखडलेला आणि किंमत पहिलीच्या चौपट. दाजींकडं जे पैसे होते ते आक्काच्या घरावर पत्रे घालायला ठेवलेले होते. स्वस्तातली घेतली असती तर पत्रेही झाले असते. मी तेच सांगत होतो.

दुकानदारही भला माणूस. म्हणाला, "जत्रेतल्या खेळासाठी सगळे ही देशीच नेतात. हिची माशी चार दिवसांत आपोआप हलते, बक्षिसं वाचतात. त्या दुसरीनं जो तो फुगा फोडील. बुडाल तुम्ही."

दाजींनी दोन्ही बंदुका खांद्याला लावून पाहिल्या. देशी खाली ठेवली. "ही घेऊन म्या गजाबाच्या शेजारी बसलो, तर तो एक चोर आन् म्या दुसरा," ते म्हणाले. "त्याला खोटा पाडायचा तर माजी सरळच पायजे. बुडतो."

घरी आक्का काय म्हणेल याची मला धास्ती होती. तिनं बंदूक पाहिली, किंमत ऐकली आणि वर कौलांकडं बघितलं. "गळतंय ते गळूंदे," ती म्हणाली. "मान माजी खाली गेलती."

त्यानंतर गजाबा जिथं, तिथं दाजी. यात माझाही हात होता, आणि मोठ्या आनंदानं होता. मी भोर डेपोत कंडक्टर. गजाबाची फळी कुठल्या एसटीच्या टपावर चढली हे मला कळायचं, आणि माझ्याकडून विंझरला कळायचं. गजाबानं खेळ मांडला की शेजारी दाजींचा मांडलेला असायचाच. भाव तोच, बक्षिसं तीच. फरक एवढाच की दाजींकडं फुगे फुटायचे. म्हाताऱ्यांनी फोडले, बायकांनी फोडले, एका आंधळा होत आलेल्या गुरवानंही एक फोडला. दाजी कंगवे वाटत बुडत होते आणि गजाबाकडं माशा मारायलाही माणूस नव्हता. असा आनंदात बुडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्ष फिरलं आणि ती पहिलीच जत्रा पुन्हा आली. दुपारी गर्दी भरल्यावर दाजी उठून गजाबासमोर गेले. आपल्या बंदुकीनं त्यांनी आधी फुगे फोडून दाखवलेच होते. आता गजाबाचीच बंदूक मागितली. गजाबा देईना, पण माणसं दे म्हणाली. दाजी मोठ्यानं बोलले, "म्या त्या तांबड्या फुग्यावर नेम धरतो. फुटंल त्याच्या डावीकडला हिरवा." हिरवा फुटला. "आता पिवळ्यावर धरतो. त्याच्या डावीकडला निळा." निळा फुटला. तिसऱ्या वेळी गर्दीच आधी सांगू लागली कुठला फुटणार ते. मग कुणीतरी विचारलं, आमच्या इतक्या सालांच्या पैशाचं काय, आणि एकच गलका झाला.

दाजींना पैशाचं काही नव्हतं. ते आक्काला हाताला धरून पुढं आणत होते. "गजाबा, मेडलचं काय बोलला व्हतास, ते माघारी घे. तवा बोललास तेवढ्याच मोठ्यानं."

पण गजाबा त्या रेटारेटीत फळी टाकून पसार झाला. जिंकलेले दाजी रिकाम्या फळीपुढं उभे राहिले. मला तर तेवढ्यानं पोट भरलं होतं. त्यांचं भरलं नाही.

गजाबा पुढं भोरला स्टँडबाहेर शेंगदाण्याची गाडी लावू लागला. दाजी दर बाजाराला समोर येऊन उभे राहायचे. डावा डोळा मिटून त्याच्याकडं पाहायचे, काही घ्यायचे नाहीत, बोलायचे नाहीत, आणि निघून जायचे. गजाबा मान खाली घालून पुड्या बांधत बसायचा. अशी काही वर्षं गेली.

मग दाजींची छाती बिघडली. अंथरुणाला खिळले तेव्हा मी म्हणालो, "दाजी, गजाबाला बकोटीला धरून आणतो. हितं पायाशी बसवून म्हणायला लावतो."

ते दम घेत म्हणाले, "नगं. आला आन् चुकलं म्हनला, तर माफ करावं लागंल. एवढी सालं जपलंय, आता शेवटाला हातचं घालवू?"

दोनच दिवसांनी गजाबा आपण होऊन स्टँडवर माझ्यापुढं उभा राहिला. हातात केळ्यांची फणी, धोतर धुतलेलं. "तुमचं दाजी लई आजारी हायती म्हनं. भेटून येतो म्हनलं. विंझरला जाणारी गाडी कंची?"

विंझरवरून जाणारी वेल्ह्याची गाडी माझ्या पाठीमागंच उभी होती. गजाबाला पाटी वाचता येत नव्हती.

"गेली," मी म्हणालो. "आज आता गाडी नाही."

तो केळी घेऊन परत गेला, आणि मी गाडीत चढून घंटी मारली. त्याच आठवड्यात दाजी गेले. माफ न करता गेले, आणि मोठ्या समाधानानं गेले.