बादलीवाला उमेदवार

डोंबिवलीत इमारतीखाली दोन बाक टाकले आणि त्यावर चार रिटायर माणसं बसवली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, पंख्यावरच्या धुळीसारखे. आमच्या बाकांवरचा निम्मा साठा तर एकाच विषयाचा आहे, इंग्लंडची निवडणूक! तुम्ही म्हणाल, तुमचा काय संबंध? संबंध असता तर वाद इतका रंगला असता का?

आधी माणसं सांगते. देवधर सर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, कित्येक वर्षं बिनविरोध. गायकवाड भाऊ रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. सरांच्या प्रत्येक वाक्यात खोट काढणं हा त्यांचा संध्याकाळचा व्यायाम. तावडे वहिनी मूळच्या देवगडच्या, मुलगा नीलेश नोकरीला इंग्लंडात. आणि मी, बँकेत कॅशियर होते.

* * *

२०१७ साली इंग्लंडच्या पंतप्रधानांना वाटलं, आपली हवा आहे. म्हणून त्यांनी मुदतीआधीच निवडणूक लावली. आमच्या पंपाच्या खोलीबाहेर एक फळा आहे, त्यावर सर रोज पाण्याची वेळ लिहितात. मतदानाच्या दिवशी त्यांनी खडूने झोकात लिहिलं, "इंग्लंड : सत्ताधाऱ्यांचं प्रचंड बहुमत येणार. डोंबिवली : उद्या पाणी सहाला येणार."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. प्रचंड राहिलं बाजूला, होतं ते बहुमतही गेलं! नेमका त्याच सकाळी आमच्या गल्लीतला पाइप फुटला. सर खाली उतरले, तर फळ्यावर एक ओळ वाढलेली, "दोन्ही आली नाहीत."

अक्षर गायकवाड भाऊंचं होतं. विचारायची गरजच पडली नाही.

* * *

असं झालंच कसं, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. गायकवाड भाऊंचं म्हणणं, "तरुण पोरं उतरली मतदानाला. पोरं उतरली की सगळे अंदाज बोंबलतात." वहिनींचं म्हणणं, "लोकांना गृहीत धरलं ना, की लोक असंच करतात."

सरांनी मात्र चष्मा पुसत निकाल दिला, "चांगली भक्कम खुर्ची होती. ती आपलीच आहे ना, हे बघायला कोणी उठू नये. उठलं की संपलं!"

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं होतं.

* * *

त्याच भांडणात वहिनी सहज बोलून गेल्या, "आमच्या नीलेशने दिलंन हां मत."

सर हसले. "वहिनी, त्याचा पासपोर्ट भारतीय. परक्या देशात कोण मत देऊ देईल त्याला? हे नागरिकशास्त्र आहे, मी तीस वर्षं शिकवलंय."

वहिनींनी तिथेच फोन लावून स्पीकरवर टाकला. नीलेश म्हणाला, "हो काका, दिलेलं मी. कॉमनवेल्थमधल्या, म्हणजे पूर्वी ब्रिटिशांकडे असलेल्या देशांतल्या लोकांना इथे राहत असले तर चालतं."

फोन ठेवून वहिनी म्हणाल्या, "त्याचं नाव तिथल्या यादीत एका झटक्यात सापडतं. मी इथे दर वेळी माझं नाव शोधत शाळाशाळांतून फिरते!"

* * *

मग गायकवाड भाऊंनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिकडे निकाल सांगताना हरलेले, जिंकलेले सगळे उमेदवार एकाच स्टेजवर ओळीने उभे राहतात. खुद्द पंतप्रधानांच्या ओळीत एक उमेदवार डोक्यावर बादलीसारखं काहीतरी घालून उभा! चेहरा नाही, काही नाही, नुसती काळी बादली.

"आपल्याकडे पण बादली घेऊन उभे राहतात," भाऊ म्हणाले, "पण टँकरसमोर."

सरांना मात्र ते फार भावलं. "बघा, याला म्हणतात सभ्यता. हरलेल्यानेसुद्धा जिंकणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं. पळून नाही जायचं." वर त्यांनी स्वतःच्या पदरचं एक तत्त्वही जोडलं, "आणि खरा सद्गृहस्थ स्वतःला मत देत नाही. शोभत नाही ते."

"मग त्याला देतो कोण?" भाऊंनी विचारलं.

* * *

आता शेवटचा किस्सा. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्याला पाणी कमी येतं यावरून वहिनी आणि सरांची जुंपली. वहिनी म्हणाल्या, "सर, तुम्ही पंप लवकर बंद करता." सरांना ते फार लागलं. त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांची बायको गेली, मुलगी सासरी. पहाटे उठून पंप लावायचा, फळा लिहायचा, एवढ्यासाठी तो माणूस उठत होता. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. मला त्या दिवशी त्यांची फार काळजी वाटली.

पण सर तिरीमिरीत उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुदत अजून वर्षभर आहे. तरी रविवारी निवडणूक घ्या! लोकांनाच सांगू दे!"

गायकवाड भाऊ हळूच म्हणाले, "सर, खुर्चीवरून उठू नका." सर उठलेच होते.

समोर वहिनी उभ्या राहिल्या. आमची इमारत लहान, घराला एक मत. मतपेटी म्हणून वहिनींच्या घरची नवी निळी बादली आली. मोजायला मी. जन्मभर नोटा मोजल्या, पण त्या दुपारी चिठ्ठ्यांच्या पहिल्या मोजणीवर विश्वास बसेना. दोनदा मोजल्या. वहिनी एका मताने निवडून आल्या होत्या.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सर उठले. आम्हाला वाटलं, घरी निघाले. पण ते चालत जाऊन वहिनींच्या शेजारी उभे राहिले, सरळ, ताठ.

"सर," भाऊंना राहवेना, "तुम्ही मत कोणाला दिलंत?"

"वहिनींना. दुसरं कोणाला देणार? शोभतं का?"

सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या, "मी माझं मलाच दिलं हो. नीलेशने फोनवर बजावलेलं, आई, इथे सगळे स्वतःलाच देतात!"

सरांनी जानव्याची किल्ली सोडवली आणि वहिनींच्या पुढे धरली. वहिनींनी ती घेतली, क्षणभर बघितली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "सेक्रेटरी मी. पण पहाटे पाचला कोण उठणार, सर? पंप तुमच्याकडेच. फक्त तिसऱ्या मजल्याला दहा मिनिटं जास्त!"

सर वळले, टेबलावरची रिकामी बादली उचलली, डोक्यावर पालथी घातली आणि पुन्हा वहिनींच्या शेजारी ताठ उभे राहिले. आतून घुमणारा आवाज आला, "भाऊ, आता काढा फोटो!"

फोटो वहिनींनी लगेच नीलेशला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, "आई, हे आमच्या इथले बादलीवाले साहेब डोंबिवलीला कधी आले?"