सहदेवअण्णांची कमान

कशेळ्याच्या बाजारात कुणी ओळखीचा भेटला की सहदेवअण्णा त्याला जेवायलाच घरी घेऊन यायचे. आधी कळवायची पद्धत नव्हती. त्यांची बायको अंबूबाई म्हणायची, "ह्यांच्या मागं उद्या येष्टी आली तर तिलापन भाकर घालावी लागंल." अशा माणसाला गावानं सरपंच केलं. अण्णांनी गावही घरासारखंच चालवलं. आधी येणाऱ्याची सरबराई, घरच्यांचं मागून.

सत्तर सालच्या आसपास पंचायत समितीचे सभापती गावाला येणार असं कळलं. अण्णांनी ग्रामसभेत विषय काढला, वेशीवर काळ्या दगडाची कमान बांधायची. तेवढ्यात हिरामण उठला. हा अण्णांचाच घरजावई, घाटावरून, जुन्नरकडून आलेला.

"मामा, कमान कशापायी? आमच्या तिकडं ओढ्यावर आधी साकव बांधला, चालत जायला बारका पूल. हितं पावसाळ्यात बायका कमरंएवढ्या पान्यातून जात्यात."

सभा गार झाली. आमच्याकडे जावयाला सभेत घोंगडीवर बसवतात, विड्याचं पहिलं पान त्याला देतात. बोलायला मात्र लावत नाहीत. देव्हाऱ्यातल्या देवासारखं त्यानं नैवेद्य घ्यावा नि गप्प राहावं.

"पावणं, घाटावरचं शानपन घाट उतरताना सांडतंय," गावातला नामा म्हणाला.

सगळे हसले. अण्णाही हसले, आणि वर जावयाला म्हणाले, "बापू, पान खा. तोंड रिकामं राहिलं की असं व्हतं."

हिरामणनं पान खाल्लं नाही. सभा संपेपर्यंत ते हातात धरून बसला.

कमान झाली. उंचीच्या मापासाठी एक जीप आणली, टप काढून तीत सभापतींच्या जागी गावातल्या गजाला फेटा बांधून उभं केलं आणि त्याच्या तुऱ्यावर वीतभर जागा सोडून दगड चढवले. मधोमध अण्णांच्या नावाची शिळा. सभापती कमानीखालून आले, जेवले, कमानीखालून गेले.

दिवाळीनंतर भात कापलं. भाऱ्यांनी लादलेली पहिली गाडी वेशीवर आली आणि अडकली. सभापतींच्या जीपचं माप घेतलं होतं. भाताच्या गाडीचं कुणाच्या मनातच आलं नाही, ती काय, रोजचीच! दोन्ही बाजूंना खोल चर, वळसा घालायला जागा नाही. मग वरचे भारे उतरवायचे, बायकांनी डोक्यावरून पलीकडे न्यायचे, तिथं पुन्हा चढवायचे. त्या बायकांत अण्णांची लेक, हिरामणची बायको जयवंताही होती. बापाच्या नावाखालून ती मान न वळवता जायची.

हिरामण चकार शब्द बोलला नाही. घरीही नाही. जेवायचा नि उठायचा.

"पोर बोलली मला," एक दिवस वाढता वाढता अंबूबाई म्हणाली. "नवऱ्याला हितं किंमत नाय. शिमगा झाला की त्याच्या गावाला जाते बोलली."

अण्णांनी घास खाली ठेवला. "असं काय बोललो गं मी त्याला?"

"पान खा बोललात."

दुसऱ्या दिवसापासून सरपंच कमानीपाशी उभे. येईल त्या गाडीचे भारे स्वतःच्या डोक्यावर.

"अण्णा, तुमी कशाला?" गजा म्हणाला.

"वाटंत आडवा मीच आलोय रं. मग उतरवायचं दुसऱ्यानं व्हय?"

मान दुखून आली, पण आतलं ओझं काही उतरेना. लेकीकडे बघायचं धाडस होईना, आणि जावयासमोर जेवायला बसलं की पाण्याचा तांब्यासुद्धा उगाच जड वाटायचा.

पुढच्या ग्रामसभेत अण्णा खुर्चीवर बसलेच नाहीत. सरळ जाऊन जावयाच्या घोंगडीवर मांडी घातली आणि पहिलं पान उचललं.

"आज मी जावई. मी गप. बापू, तुमी खुर्चीवर बसा नि बोला."

"अण्णा, रीत काय ती..." नामा सुरू झाला. अण्णांनी पान तोंडात कोंबलं आणि भरल्या गालाकडे बोट दाखवलं.

हिरामण बराच वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग बसला. म्हणाला, "कमानीचा दगड चांगला हाय, मामा. त्यात साकव व्हईल."

शिमग्यानंतर कमान उतरली. साकवाच्या तोंडाशी नावाची शिळा बसवताना गवंडी अदबीनं ती पालथी घालायला लागला. अण्णांनी त्याचा हात धरला.

"नाव वर राहू दे रं. पाय पडू दे."

पावसाळा आला. बायका कोरड्या पायांनी ओढा ओलांडायला लागल्या, पण त्या शिळेपाशी आल्या की कडेकडेनं जायच्या. सगळ्यांत मोठा वळसा जयवंताचा. अण्णा काठावर बसलेले असायचे, कासावीस होऊन ओरडायचे,

"अगं, मधून चाल गं बाय, मधून!"