कॅरिबियनची रंगीत तालीम, मुक्काम दुखान

कॅरिबियनमध्ये रिसॉर्टात उतरायचं की भाड्याच्या खोलीत, हा आमच्या घरातला दोन महिन्यांचा वाद अखेर कतारमधल्या दुखानमध्ये तीन घरी नाश्ता करून मिटला.

फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आला होता. अख्खं जग दोह्याला यायला निघालं होतं आणि आम्ही दोह्याहून पळ काढायच्या तयारीत होतो. वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसने सांगूनच टाकलं होतं, की मॅचेसच्या दिवसांत जमेल त्याने रजा घ्या. शाळाही बंद राहणार होत्या. त्यात बारा वर्षांत ज्यांनी एकदाही फोन केला नव्हता, असे नाशिकचे नातेवाईक 'तुमच्या अबू हमूरच्या घरापासून स्टेडियम किती लांब?' असं फार प्रेमाने विचारू लागले होते. (एका मावसभावाने तर गाद्या किती आहेत, तेही विचारून घेतलं!) घराला कुलूप लावून लांब कुठेतरी जाणं भागच होतं.

"कॅरिबियन," मधुरा म्हणाली.

मधुरा म्हणजे माझी बायको. सेहेचाळिसाव्या वर्षी ती पोहायला शिकली आणि लगेच तिने स्कूबा डायव्हिंगचा कोर्स लावला. बायको समुद्राच्या तळाशी आणि नवरा काठावर टॉवेल धरून उभा, हे बरं दिसत नाही, म्हणून मीही नाव घातलं. ती पाण्यात माशासारखी सुळकन जायची. मी पाण्यात पडलेल्या सोफ्यासारखा जायचो. आमचा शिक्षक रेमंड हा फिलिपिनो आणि अत्यंत सभ्य. तो मला फक्त एवढंच म्हणायचा, "सर, रिलॅक्स. समुद्र कुठे पळून नाही जात."

आता वाद असा होता. मला हवं होतं ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट. मनगटाला एकदा पट्टा बांधला, की खाणं-पिणं, खुर्च्या, छत्र्या, सगळं आपलं! मधुराला हवी होती डाइव्ह-शॉपच्या शेजारची साधी खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर.

"अरे शिरीष, बोट सकाळी सातला सुटते. रिसॉर्टवरून तिथे पोचायला तासभर. मी दिवसभर पाण्यात. तुझं ते जेवण खाणार कोण?"

"मी आहे ना!"

"आणि सगळं समाविष्ट म्हणजे काय, तर डाइव्ह सोडून सगळं. वाचलंस का ते?"

मी वाचलं नव्हतं. मी फक्त जेवणाचे फोटो पाहिले होते.

आमची मुलगी इरा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "गाइज, जस्ट डू अ ट्रायल!"

ट्रायलची जागा आयती होती. आमचा मित्र नितीन दुखानला तेल कंपनीच्या कॉलनीत राहतो. तो रजेवर भारतात गेला होता आणि घराची किल्ली आमच्याकडे होती. आमच्या कोर्सची शेवटची डाइव्हही दुखानच्याच किनाऱ्यावर, शुक्रवारी सकाळी अकराला होती. आदल्या आठवड्यात वाऱ्यामुळे ती रद्द झाली होती आणि रेमंड रविवारी लांब रजेवर घरी निघाला होता. म्हणजे शुक्रवारी पाण्यात उतरलो तर डायव्हरचं कार्ड, नाहीतर कॅरिबियनला जाऊन वरून नुसत्या लाटा मोजायच्या. मधुराने फ्रिजवर त्या शुक्रवारभोवती लाल गोल काढला होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी काही हट्टाने मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही, आणि हे मला कळत होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे मी जे केलं, त्यावरून तसं वाटणार नाही.

तर बेत असा, की पहाटे निघायचं, नितीनच्या घरी स्वतः पोहे करायचे, हलकं खायचं आणि अकराला पाण्यात. खोली घेऊन राहणं किती सुटसुटीत असतं, ते मधुरा मला दाखवणार होती. तिची अट एकच होती.

"दुखानमध्ये कोणाला सांगायचं नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला. 'उद्या सकाळी नितीनच्या घरी उतरतोय. त्याचा कुकर कुठे असतो, कोणाला माहीत आहे का?'

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या ग्रुपवर कुकर विचारणं म्हणजे उपाशी असल्याची जाहीर दवंडी पिटणं, हे मला इतक्या वर्षांत समजायला हवं होतं!

सातला आम्ही गाडीतून उतरलो, तर दारात बोरसे वहिनी. माहेर-सासर दोन्ही जळगाव.

"कुकर कशाला शोधता भाऊजी? आम्ही काय मेलो का? चला, भरीत-पुरी तयार आहे."

"वहिनी, आज अकराला आम्हाला पाण्यात..."

"अकराला ना? आता तर सातच वाजलेत!"

मधुराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने एखादं कच्चं वांगं जागेवर भाजलं असतं. मग ती गोड हसून म्हणाली, "वहिनी, मला आज उपवास आहे हो."

"अगं बाई! मग साबुदाणा भिजवलेला आहेच!"

"निर्जळी," मधुरा म्हणाली.

(निर्जळी उपवास धरून समुद्रात दहा मीटर खाली जाणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गाडीत बसल्यावर तिने अख्खी बाटली रिकामी केली, ते सोडा.) इराने तेवढ्यात, "आय ॲम ऑन अ डाएट, काकी," म्हणून आपली मान सोडवली. उरलो मी. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि न्याय दिला.

"मग त्या दोघींच्या वाटचंही भाऊजींना वाढते. केलेलं वाया कशाला घालवायचं?"

तिथून सुटलो ते नऊला. कोपऱ्यावर परबकाका लुंगीवर उभेच होते. घाटाखालचा माणूस, रागही प्रेमाने करतो.

"बोरशांकडे जेवलास तो? आणि आमचा घर काय वाटेर नाय? घावणे केले हत. चार घावणे खाऊन जा मरे!"

"काका, पोटात जागा नाही."

"घावण्याक जागा लागता खय? ते आपसूक सरकून बसतत."

एका घरी जेवून दुसऱ्या घरावरून तसंच पुढे गेलं, तर त्या रुसव्याला वर्षभर औषध नसतं. त्यामुळे मी घावणे खाल्ले. मधुराचे चार, इराचे चार आणि माझे चार. वर नारळाचा रस. घावणे सरकून बसले नाहीत. ते मांडी ठोकून बसले.

"बाबा, जस्ट से नो!" इरा गाडीत ओरडली.

"बेटा, 'नो' म्हटलं की आणखी दोन वाढतात."

साडेदहाला किनाऱ्याकडे गाडी वळवली, तोच लातूरच्या देशमुखताईंनी भर रस्त्यात हात आडवा करून ती थांबवली.

"नुसता चहा! पाच मिनिटं! चहाला कुणी नाही म्हणतंय का?"

मराठवाड्यातला नुसता चहा एकटा येत नाही. त्याच्यासोबत मुरमुऱ्यांची सुशीला आली, शेंगदाण्याची चटणी आली, बुंदीचा लाडू आला आणि मागून गरम धपाटी. "असं कसं उठताव? एक तरी घ्या की!" मी शेवटचं धपाटं गिळलं, तेव्हा समोरच्या भिंतीवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मधुरा उंबऱ्यात चपला घालून केव्हाची उभी होती. ती आता माझ्याकडे पाहतही नव्हती, आणि ते मला भरितापेक्षा जड गेलं.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तेव्हा रेमंड सिलिंडर गाडीत भरत होता.

"सर, मॅडम, इलेव्हन इज इलेव्हन. साडेबाराला माझा दुसरा ग्रुप."

मधुराने फक्त पाण्याकडे पाहिलं. तिथे, तेवढ्यापुरती, मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"रेमंड, चूक माझी," मी म्हणालो. "काहीतरी कर."

त्याने घड्याळ पाहिलं, मधुराला पाहिलं, मग माझ्या पोटाला पाहिलं. "सर, ब्रेकफास्ट?"

"थोडासा."

"किती?"

"तीन घरी."

"आणि किती लोकांचा?" त्याने कशावरून ताडलं, देव जाणे.

"तिघांचा."

"खलास!" रेमंड म्हणाला. "इतक्या वेळात मी एकालाच नेऊ शकतो."

तेव्हा मी अतिशय थोर मनाने एक पाऊल मागे घेतलं. "मधुरा, तू जा," मी भरल्या गळ्याने म्हणालो. (गळ्यापर्यंत भरलेलाच होतो. शिवाय पोचल्या पोचल्या मी गाडीआड गुपचूप वेटसूट, म्हणजे डायव्हिंगचा तो घट्ट रबरी पोशाख, चढवून पाहिला होता. तो गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हता आणि मला वाकून तो खालीही ओढता येत नव्हता!)

"यल्ला, मॅडम, चला!" म्हणत रेमंड निघाला. मधुराने एकदा मागे वळून पाहिलं आणि ती पाण्याखाली गेली. मी छत्रीखाली, दोन्ही पाय वेटसूटमध्ये अडकलेले, तिची काळजी करत आडवा झालो.

डोळे उघडले ते इराच्या हसण्याने. मधुरा समोर उभी होती, निथळत, गालांवर मास्कचे वळ आणि चेहरा असा, की आमच्या लग्नातल्या एकाही फोटोत तसा आलेला नाही.

"कटलफिश दिसला! माझ्याकडे बघून रंग बदलला त्याने! आणि मी पास झाले!"

रेमंडने तिच्या वहीत डाइव्हची नोंद केली, सही केली आणि माझीही वही मागितली. सभ्य माणूस! मला वाटलं, दयेपोटी पास करतोय. त्याने लिहिलं, 'खोली शून्य मीटर. कालावधी चाळीस मिनिटे. शेरा : श्वासोच्छ्वास संथ, आवाज मोठा.'

परतीच्या वाटेवर मी धीर करून म्हणालो, "मधुरा, तूच जिंकलीस. खोली बुक करू आपण."

"माझ्यासाठी केली मी आत्ताच," ती फोन खाली ठेवत म्हणाली. "डाइव्ह-शॉपच्या वर. मी आणि इरा. तुझ्यासाठी रिसॉर्ट."

"एकट्यासाठी? आणि तिथे मी दिवसभर करू काय?"

"आज केलंस तेच. तिथे तुला आग्रह करायलासुद्धा कोणी लागणार नाही."

हा उघड उघड अपमान होता. बायको-मुलगी एका टोकाला, कार्ड नसलेला बाप दुसऱ्या टोकाला! मी स्टिअरिंग घट्ट धरलं, मान ताठ केली आणि पुढचे दहा किलोमीटर एक शब्दही बोललो नाही.

मग मात्र राहवेना. "का गं," मी विचारलं, "नाश्ता किती वाजेपर्यंत असतो तिथे?"