चाबकाची नळी

अलोइस कुबीनने तीस वर्षं मोराव्हियातल्या एकाच कारखान्यात बग्ग्या बांधल्या. मग मालकाने मोटारी काढायला घेतल्या, तरी त्याच्या हाताची सवय काही सुटली नाही. पहिल्याच मोटारीला त्याने चाबूक खोचायची पितळी नळी बसवून टाकली.

तरुण इंजिनिअर होलुब पोट धरून हसला. "कुबीनबाबा, चाबकाने हाकायचं कुणाला? पेट्रोलला?"

"असू दे की. खायला थोडीच मागतेय," म्हणत म्हाताऱ्याने नळीवरून फडकं फिरवलं.

मोटार गावच्या डॉक्टरने नेली. आठवड्याने होलुब तिची खबर घ्यायला निघाला, तर चर्चच्या चढावर तीच समोर दिसली. इंजिन थंड, पुढे दोन घोडे जुंपलेले. डॉक्टरशेजारी बसलेल्या शेतकऱ्याने दोन्ही हातांत लगाम धरले होते आणि त्याचा चाबूक नळीत ऐटीत उभा होता.

होलुब कारखान्यात परतला. अलोइस पाव आणि कांदा घेऊन जेवायला बसला होता.

"बाबा, पुढच्या मोटारीलाही ती नळी बसवा," तो खाली बघत म्हणाला.

"कधीच बसवलीय," अलोइस म्हणाला आणि त्याने अर्धा कांदा इंजिनिअरपुढे सरकवला.